‘ओटी हाताने होते, कॅमेऱ्याने नाही’ या पोस्टला उत्तर

कोनाडा (धागाकर्ती)

परवा ‘स्पर्शरेषा’ यांनी एक पोस्ट टाकली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) हाताने होते, कॅमेऱ्याने होत नाही, व्हिडिओ कॉलवर सेशन घेणारे थेरपिस्ट स्वतःची सोय बघतात, आणि त्याला थेरपी समजणाऱ्या कुटुंबांची चक्क फसवणूक होते. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथेच प्रतिसाद लिहायला बसले, पण राग आणि मजकूर दोन्ही वाढत गेले, म्हणून हा वेगळा धागा.

मी ओटी आहे, म्हणजे ही थेरपी देणारी थेरपिस्ट. मोठ्या माणसांचं न्यूरो बघते: स्ट्रोक, डोक्याला मार, पार्किन्सन्स. क्लिनिकमध्येही बघते आणि व्हिडिओवरही. मला कोणी फसवी म्हटलं तर मी गप्प बसणार नाही.

माझा एक पेशंट, डावी बाजू कमजोर. क्लिनिकमधल्या सरावाच्या बाथरूममध्ये सगळं व्यवस्थित करायचा. दार ढकलून आत जाणं, दांडी धरून वळणं, स्टुलावर बसणं, उठणं. घरी मात्र एकटा आंघोळीला जायला तयार नव्हता, आणि का ते त्याला सांगता येत नव्हतं. त्याच्या बायकोला म्हटलं, व्हिडिओ लावा आणि फोन घेऊन त्याच्या मागे मागे चला. घरचं दार बाहेर उघडणारं निघालं. म्हणजे कडी उजव्या हाताने ओढायची आणि त्याच क्षणी एक पाऊल मागे घ्यायचं, तेही डाव्या पायावर भार देऊन. क्लिनिकमध्ये दार आत ढकलायचं असल्यामुळे हे पाऊल कधी आलंच नव्हतं. शिवाय आतली दांडी डाव्या भिंतीला, नेमकी न चालणाऱ्या हाताकडे. दांडीची जागा बदलली, मागच्या पावलाचा सराव आधी जमिनीवर आणि मग दाराशी करून घेतला, आणि तो स्वतःची आंघोळ स्वतः करू लागला. हे क्लिनिकमध्ये माझ्या दोन्ही हातांना वर्षभर सापडलं नसतं.

पुरावा हवा असेल तर २०१९ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’त आलेला क्रेमर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचा. स्ट्रोकनंतर हात कमजोर राहिलेले १२४ जण, ११ केंद्रं, प्रत्येकी ७० मिनिटांची ३६ सेशन्स. एका गटाला क्लिनिकमध्ये, दुसऱ्याला घरी टेलिरिहॅबने, म्हणजे संगणकावरून दुरून दिलेल्या थेरपीने. हाताच्या फुगल-मायर मोजणीत, म्हणजे ६६ गुणांत, क्लिनिकवाल्यांची सरासरी सुधारणा ८.३६ आणि घरच्यांची ७.८६. घरचा गट मागे पडला नाही. ओटींच्या जागतिक महासंघाने २०१४ सालीच टेलिहेल्थ ही योग्य पद्धत असल्याचं निवेदन काढलं आणि २०२१ मध्ये ते सुधारून पुन्हा दिलं. इतिहासच काढायचा तर अमेरिकेत १९१७ साली आपल्या पेशाची स्थापना-बैठक संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉर्ज बार्टनच्या ‘कन्सोलेशन हाउस’मध्ये झाली, आणि बार्टन हा स्वतः पेशंट होता. ज्या जागेत माणूस जगतो तिथेच त्याचं काम बघायचं, हे आपल्याला कॅमेऱ्याने शिकवलेलं नाही.

मी व्हिडिओवर काय करत नाही तेही लिहिते: टोन (स्नायूंचा ताठरपणा) तपासत नाही, स्प्लिंट (हाताला बसवायचा आधार) बनवत नाही, पहिला ट्रान्सफर (पलंगावरून खुर्चीवर वगैरे जागा बदलणं) करून घेत नाही. हे पहिल्या कॉललाच सांगते. फसवणूक अशी करतात का?

---

स्पर्शरेषा

माझी पोस्ट दिसली तशी वाचलीत, आणि जी तक्रार मी हँड थेरपिस्ट म्हणून केली ती बाजूलाच राहिली.

तुमचा अभ्यास मला माहीत आहे. त्यात घरी संगणक आणि खेळायची साधनं बसवून दिली होती, आणि सुधारणेची मोजणी प्रत्यक्ष भेटीत झाली होती, व्हिडिओवर नव्हे. ही सगळी तयारी बाजूला ठेवून ‘घरीही तेवढंच होतं’ हे वाक्य तेवढं उचललं जातं, आणि मग कोणीही फोन भिंतीला टेकवून त्याला टेलिरिहॅब म्हणतो. महासंघाचं निवेदनही अर्धंच सांगितलंत. त्यात अट आहे: प्रत्यक्ष सेवा शक्य, व्यवहार्य किंवा सर्वांत योग्य नसेल तेव्हा, किंवा दोन्ही बाजूंना मान्य असेल तेव्हा.

आता माझ्याकडचं. बोटाचा फ्लेक्सर टेंडन, म्हणजे बोट वाकवणारा स्नायुबंध, शिवलेला एक तरुण. दुसरीकडे त्याचं सगळं व्हिडिओवर चाललं होतं. या टेंडनचं दुखणं असं असतं की पहिल्या काही आठवड्यांत जास्त ताणला तर तुटतो, आणि हलवलाच नाही तर आजूबाजूला चिकटतो. मधली वाट अगदी अरुंद. कॅमेऱ्यात त्याचं स्प्लिंट छान दिसायचं. प्रत्यक्षात पट्टा इतका सैल झाला होता की हात आत पुढेमागे सरकायचा आणि बोटाचा मधला सांधा सतत वाकलेला राहायचा. मनगटाच्या बाहेरच्या हाडावर कातडी लाल झालेली, हात सुजलेला. सूज दाबल्यावर खड्डा पडतो की नाही, भाग गरम लागतो की नाही, हे पडद्यावर कसं कळणार? माझ्याकडे आला तेव्हा तो सांधा वाकलेल्या अवस्थेतच आखडला होता. माणूस सुतारकाम करणारा. तो सांधा पुरता सरळ कधी झालाच नाही.

स्पास्टिसिटीचं, म्हणजे स्नायूंच्या ताठरपणाचंही तेच. मॉडिफाइड अ‍ॅशवर्थमध्ये १ आणि १+ (ताठरपणाच्या या मोजपट्टीवरच्या दोन पायऱ्या) यांच्यातला फरक हा हात हलवताना आपल्या हाताला जाणवणारा अडकाव आहे. ‘दादा, जरा त्यांचं कोपर सरळ करून सांगा, अडतंय का?’ असं विचारून ग्रेड लिहिणारे थेरपिस्ट मी पाहिलेत. याला मी फसवणूकच म्हणेन.

---

कोनाडा

टोन आणि स्प्लिंट करत नाही हे मी वरच लिहिलंय. तुम्ही ज्यांच्यावर चिडला आहात त्यांच्यावर मीही चिडते. पण तुमची पोस्ट ‘ओटी कॅमेऱ्याने होत नाही’ अशी सरसकट होती. ‘हँड थेरपी कॅमेऱ्याने होत नाही’ असं लिहिलं असतंत तर हा धागा निघालाच नसता.

---

उत्तररात्र

मुलगा म्हणून लिहितोय. बाबांना मेंदूच्या उजव्या बाजूचा स्ट्रोक. घरापासून सेंटर लांब, म्हणून व्हिडिओवर ओटी सुरू केली. पडद्यावर थेरपिस्ट आणि शेजारी व्यायामाचं चित्र. बाबा मान डोलवायचे, ‘हो हो’ म्हणायचे आणि करायचे भलतंच. त्यांना कंटाळा येतो, ते सहकार्य करत नाहीत, असं आम्हाला बराच काळ सांगितलं गेलं. मीही त्यांच्यावर ओरडलो, ते मला आजही सलतं. पुढे एक ओटी प्रत्यक्ष घरी आली. तिने ताटलीच्या डाव्या अर्ध्या भागात राहिलेलं अन्न बघितलं, मग बाबांना एका रेघेचा मध्य काढायला सांगितला, आणि म्हणाली की यांना पडद्याचा डावा अर्धा भाग दिसतच नाही. म्हणजे डोळ्यांना दिसतो, मेंदू तिकडे लक्ष देत नाही. व्यायामाचं चित्र डावीकडे होतं.

कोनाडाताई, तुमच्या बाथरूमच्या गोष्टीएवढीच ही गोष्टही खरी आहे.

---

कोनाडा

खरी आहे. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये निग्लेक्ट, म्हणजे हेच एका बाजूकडे लक्ष न जाणं, असेल असं धरूनच सुरुवात करायची असते, आणि ते न तपासता ‘सहकार्य करत नाहीत’ लिहिणं हा त्या थेरपिस्टचा दोष आहे. रेघेचा मध्य काढायचा कागद आधी घरी पाठवून, तो सरळ समोर ठेवून, कोणालातरी वरून कॅमेरा धरायला सांगून हे तपासता येतं. पण हेही लिहिते की प्रत्यक्ष भेटीत ताटली आपोआप नजरेला पडते. कॅमेऱ्यात जे मागाल तेवढंच दिसतं, आणि काय मागायचं ते आधी सुचावं लागतं. ही उणीव आहे, ती मी नाकारत नाही.

---

अबोली

तुम्ही सगळे थेरपिस्टच्या हातांबद्दल भांडताय. कॅमेऱ्याच्या अलीकडचे हात माझे आहेत, त्यांच्याबद्दल कोणी बोलणार आहे का?

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. ऑनलाइन ओटीच्या सेशनमध्ये मी काय करते ते सांगते. आदल्या रात्री साहित्याची यादी येते, ती गोळा करते. सेशनच्या आधी खोली रिकामी करते, उशांचा अडथळ्यांचा मार्ग मांडते. मग एका हातात फोन, दुसऱ्या हाताने मुलाला धरायचं. तिकडून आवाज: ‘आई, त्याचे खांदे जरा खाली दाबा. आई, कॅमेरा पायांकडे घ्या. आई, तो कुठे गेला?’ तो टेबलाखाली गेलेला असतो आणि मी पण. लॅपटॉप त्याने बंद केला तर ती पाच मिनिटं माझीच वाया गेली. सेशन संपलं की खोली आवरायची, होम प्रोग्रामचा तक्ता भरायचा, आणि माझं ऑफिसचं काम रात्री.

क्लिनिकमध्ये तो तास मी बाहेर बाकावर बसायचे. तो एक तास माझा होता. तो गेला. फी मात्र तीच.

आणि याहून वाईट म्हणजे तो मला बघून पळायला लागला. मी जवळ आले की खांदे दाबणार, हात धरणार, ‘अजून एकदा’ म्हणणार. मला त्याची आई राहायचं आहे.

---

शिंपला

अबोलीताई, मी लहान मुलांची ओटी आहे. तुम्ही सांगता तसं सेशन चालत असेल तर ते चुकीचं आहे, आणि क्लिनिकचं सेशन उचलून पडद्यावर टाकल्याने असं होतं. लहान मुलांत व्हिडिओवर जे खरंच जमतं ते कोचिंग. फिओना ग्रॅहम आणि सिल्व्हिया रॉजर यांचं ऑक्युपेशनल परफॉर्मन्स कोचिंग घ्या. त्यात मूल कॅमेऱ्यासमोर असायलाच हवं असं नाही. पालकांना जे बदलायला हवं आहे ते ध्येय. सीओपीएम नावाचा गुण देण्याचा नमुना भरून घ्यायचा, म्हणजे कुठली गोष्ट किती महत्त्वाची, आता किती जमते आणि तुम्ही किती समाधानी, यांना १ ते १० गुण पालकांनी द्यायचे.

माझ्याकडच्या एका मुलाची शर्ट घालण्यावरून रोज सकाळी रडारड. आईने एक लहानसा व्हिडिओ काढून पाठवला. कॉलवर आम्ही दोघींनी तो बघितला. मी फक्त विचारलं, रडणं नेमकं कधी सुरू होतं? तिनेच शोधलं की शर्ट डोक्यावरून जाताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधार होतो तेव्हा. तिने आधी हात बाह्यांत आणि डोकं शेवटी, असा क्रम लावला. मी कोणाचे खांदे दाबायला सांगितले नाहीत.

आणि एक माझं कायमचं दुखणं सांगून टाकते. आयर्स सेन्सरी इंटिग्रेशन (स्पर्श, तोल, हालचाल या संवेदनांवरची थेरपी) या नावाने जे केलं जातं त्याला टांगलेले झोके, जागा आणि मुलाच्या प्रतिसादाप्रमाणे क्षणाक्षणाला बदल करणारा प्रशिक्षित थेरपिस्ट लागतो. सोफ्याच्या उशांवर उड्या मारायला लावून त्याला ऑनलाइन सेन्सरी इंटिग्रेशन म्हणणाऱ्यांवर माझा स्पर्शरेषांइतकाच राग आहे.

---

अबोली

छान वाटतं ऐकायला. पण बघा ना, तुमच्या गोष्टीतही व्हिडिओ आईने काढला, कारण आईने शोधलं, उपाय आईने केला. आधी माझे हात वापरत होते, आता डोकं वापरणार. मी दमलेली आहे आणि मला ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न नको आहे. मला कोणीतरी जाणत्या माणसाने येऊन काही काळ हे ओझं उचलायला हवं आहे.

---

परखड

स्पष्ट बोलतो. मूल तुमचं आहे. थेरपिस्ट आठवड्यातून एक-दोन तास भेटणार, बाकीचा सगळा वेळ ते तुमच्याकडे. आईने केलं नाही तर कोणी करायचं? आमच्या वेळी आयांनी कसलीही थेरपी नसताना मुलं वाढवली.

---

अबोली

तुमच्या वेळी माझ्या मुलासारखी मुलं कुठे होती ते जरा आठवा. खोलीत कोंडलेली किंवा ‘वेडसर’ म्हणून बाजूला टाकलेली. तुम्ही ‘आई’ लिहिलंत, ‘पालक’ नाही. तिथेच कळलं.

---

गवतफूल

परखड, हा प्रतिसाद काढून टाका. ज्या बाईने आपला मुलगा आपल्याला बघून पळतो हे इथे लिहायचं धाडस केलं तिला ‘मूल तुमचं आहे’ हे ऐकवायला लाज वाटली पाहिजे.

---

परखड

काढणार नाही. माझा मुद्दा जबाबदारीचा आहे. रडगाणं गाण्याने मुलं सुधारत नाहीत.

---

रानवाट

बाप लिहितोय. माझ्या मुलीला डीसीडी आहे, म्हणजे हालचालींचा मेळ जमवणं अवघड जातं. आमच्याकडे ऑनलाइन ओटीला मी बसतो, कारण बायकोच्या शिफ्ट वेगळ्या. तरीही थेरपिस्टचे सगळे मेसेज तिला जायचे. ‘आईला सांगा’, ‘आईने करून घ्यावं’. मी समोर बसलेलो असताना! शेवटी मी ठणकावून सांगितलं की मी आहे तर माझ्याशी बोला. मग बदललं.

आमच्याकडे को-ऑप पद्धत वापरली. ध्येय, योजना, कृती, तपासणी. मुलीने स्वतःच ठरवायचं की बुटाची नाडी का सुटते आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. यात थेरपिस्टने हात लावायची गरजच नसते, म्हणून पडद्यावर जमतं. ती आता बूट घालून दाराशी आमची वाट बघत उभी असते. पण ती बोलणारी, आठ वर्षांची, एका जागी बसू शकणारी मुलगी आहे. अबोलीताईंच्या मुलाला हेच लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

परखड, मी जबाबदारी घेतली आहे. म्हणूनच सांगतो की दमल्याची तक्रार करणं आणि जबाबदारी टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

स्पर्शरेषा

अबोली, माझी पोस्ट लिहिताना हे डोक्यात नव्हतं, पण माझा मुद्दा याने अजून पक्का होतो. प्रत्यक्ष सेशनमध्ये जे कसबी काम माझे हात करतात ते व्हिडिओवर नाहीसं होत नाही. ते घरातल्या सर्वांत दमलेल्या माणसाकडे जातं, प्रशिक्षण न देता, मोबदला न देता. आणि मग निकाल लिहिताना आपण लिहितो ‘दोन्हीकडे सारखीच सुधारणा’.

---

शिंपला

हे ताणणं झालं. क्लिनिकमध्ये आठवड्याला तासभर माझ्या हातांनी जे होतं ते घरी गेल्यावर कपडे घालताना, दात घासताना उतरलं नाही तर त्याचा उपयोग काय? हा उतरवण्याचा भार पालकांवर क्लिनिकच्या पद्धतीतही होताच, फक्त तो ‘होम प्रोग्राम’ नावाच्या कागदावर लिहून आपण हात झटकत होतो. व्हिडिओवर निदान ते मला दिसतं. कितीतरी घरी मी कॉल लावल्यावर पहिल्यांदा कळलं की मी लिहून दिलेले व्यायाम करायला तिथे मोकळी जमीनच नाही.

---

चाकावरचा

पालक-पालक चाललंय. मोठी माणसंही ओटी घेतात आणि सगळ्यांच्या पाठीशी आई नसते. मी एकटा राहतो. मानेतल्या मज्जारज्जूची दुखापत, सी-६ पातळीची. बोटं हलत नाहीत, मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, त्या पकडीवर माझं आयुष्य चालतं.

सेंटरला जायचं म्हणजे मदतनीस, गाडी, चढउतार, आणि इतका वेळ सलग बसल्यामुळे प्रेशर सोअरची (सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची) भीती. पूर्ण दिवस जातो आणि दुसरा दिवस दमण्यात. व्हिडिओवर माझी ओटी आणि मी मिळून दाढीच्या मशीनचा पट्टा बसवला, कॅथेटरच्या पिशवीची कळ अंगठ्याच्या कडेने उघडायची युक्ती शोधली, टेबलाची उंची ठरवली. ती म्हणते, ‘दाखवा, आता कसं करता?’ आणि मी करतो. मध्ये कोणी नाही. सेंटरमध्ये मात्र माझ्याशी बोलायचं सोडून मदतनिसाशी बोलायचे. स्पर्शरेषा, तुमच्या सरसकट पोस्टने माझी ही सोय बंद झाली तर तुम्ही येणार आहात का घरी?

पण दुसरं टोक पण सांगतो. एका थेरपिस्टने पहिल्याच कॉलला बाथरूममधला ट्रान्सफर दाखवा म्हणून सांगितलं. मागे तिच्या खोलीत कोणीतरी ये-जा करत होतं. हे रेकॉर्ड होतंय का, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘ते आपोआप होतं.’ मी तिथेच फोन ठेवला. क्लिनिकमध्ये पडदा ओढतात. इथे पडदा कोण ओढणार?

---

गवतफूल

चाकावरचा, हे फार महत्त्वाचं. सुरक्षिततेचंही कोणी बोललं नाही म्हणून सांगते. माझी आई व्हिडिओ सेशन चालू असतानाच पडली. उभं राहून वरच्या फळीवरची वस्तू काढायचा सराव होता. मी कामावर, घरी मदतीला येणारी मुलगी खाली गेलेली. थेरपिस्ट तिकडून आईला हाका मारत राहिली. तिच्याकडे आमचा पत्ता नव्हता, माझा नंबर नव्हता. तोल तपासायचा सराव देताना शेजारी कोण उभं आहे हे तिने विचारलंच नव्हतं. आईच्या मनगटाला फ्रॅक्चर.

---

कोनाडा

हे वाचून जीव कळवळला. याला कुठलीही सबब नाही. कॉल सुरू झाला की पहिली दोन मिनिटं याच गोष्टींची: तुम्ही आत्ता कुठे आहात, पत्ता काय, घरात कोण आहे, फोन तुटला तर मी कोणाला लावू. उभ्याने करायचं काही असेल आणि शेजारी धरणारं कोणी नसेल तर तो भाग त्या दिवशी होत नाही. रेकॉर्डिंग पेशंटने हो म्हटल्याशिवाय नाही आणि बाथरूममध्ये तर माणूस पूर्ण कपड्यांत, पाण्याविना. माझ्या बाथरूमच्या गोष्टीतही तसंच होतं.

परखड, तुमच्याशी मी वाद घालणार नाही.

---

परखड

घालू नका. ‘पालक’ लिहायला हवं होतं, एवढं रानवाट यांच्यामुळे मान्य करतो. बाकी मत तेच.

---

स्पर्शरेषा

चाकावरचा, तुम्ही विचारलंत तर सांगते: नाही, मी तुमच्या घरी येऊ शकणार नाही. तुमची ओटी जे करते आहे ते ओटीच आहे आणि त्याला फसवणूक म्हणायचा मला अधिकार नाही. एवढं मूळ पोस्टच्या खाली जोडते. ताज्या शिवलेल्या टेंडनबद्दल, स्प्लिंटबद्दल आणि टोनच्या ग्रेडबद्दल एक अक्षर मागे घेत नाही.

कोनाडा, तुम्हाला एकच विचारायचं आहे. तुमचा पेशंट स्वतःची आंघोळ करू लागला. त्याची बायको फोन घेऊन मागे चालत होती. तिचे किती तास गेले, हे तुमच्या फाइलमध्ये आहे का?

---

कोनाडा

नाही. फाइलमध्ये तशी जागाच नाही. तिने काय केलं ते मी वेगळं लिहून ठेवते, पण तास मोजलेले नाहीत. कोक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२० चा स्ट्रोक टेलिरिहॅबचा आढावा काढून बसले होते, २२ चाचण्या, १९३७ माणसं. त्यात पेशंटच्या रोजच्या कामांत, तोलात, जगण्याच्या प्रतीत काय फरक पडला ते वाचायला मिळतं, आणि पुरावा कमी ते मध्यम दर्जाचा असल्याचं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. फोन धरणाऱ्या माणसाच्या तासांचा आकडा शोधत होते, तो माझ्या हाताला लागला नाही. पण बाहेर उघडणाऱ्या दाराबद्दल माझं म्हणणं तेच आहे.

---

नवखा_पालक

सगळा धागा वाचला. मुलाची पहिली ऑनलाइन ओटी या आठवड्यात आहे. तो तीन वर्षांचा, अजून बोलत नाही. कोणी सांगेल का, थेरपिस्टला आधी काय विचारू?

---

शिंपला

मूल्यमापन प्रत्यक्ष होणार आहे का ते विचारा. निदान पहिली भेट तरी प्रत्यक्ष मागा. मग ध्येय कोण ठरवणार ते. आणि मूल पडद्यासमोर बसलं नाही तर सेशन कसं चालेल ते. ‘बसवा’ असं उत्तर आलं तर दुसरा थेरपिस्ट बघा.

---

अबोली

आणि हे विचारा की मी हे एकटीने किंवा एकट्याने करू शकत नाही असं ज्या आठवड्यात सांगेन, त्या आठवड्यात तुम्ही काय कमी कराल? मी हे विचारलं तेव्हा माझ्या थेरपिस्टने विषय बदलला.

---

शिंपला

हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला तर थेरपिस्ट बिचकेल, ताई. जरा ओळख होऊ दे.

---

अबोली

बिचकू दे. पहिल्याच भेटीत विचारा.